उन्हाचा पहारा

पोत्याच्या तोंडात दाभण अर्धा शिरला होता आणि मागून खांद्यावर हात पडला, एवढंच घडलं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात माणसाच्या खांद्यावर दिवसाला वीस हात पडतात. सरक म्हणणारे, तंबाखू मागणारे, पाठीवरचं पोतं तोलताना आधार घेणारे. त्यातला एकही हात अर्जुनाला कधी जाणवला नव्हता. पण हा हात हलका होता. बसावं की उडावं हे न ठरलेल्या पाखरासारखा. मान वळवायच्या आधीच त्याला कळलं कोण आहे ते. सुतळी बोटांत तशीच राहिली आणि कानात त्याचा स्वतःचाच आवाज सुरू झाला, सतरा वर्षांपूर्वीचा, चढ्या पट्टीतला : रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी.

"भिऊ नगंस रं. मी हाय," धोंडिराम म्हणाला.

भ्यायचं ते त्यालाच, हे त्या माणसाला माहीत नव्हतं की चांगलं माहीत होतं? अर्जुना उठून उभा राहिला. धोतराला हात पुसले. हळद काही जात नाही, तरी पुसले. धोंडिरामच्या डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा आला होता. डावा पाय तसाच, गुडघ्यात न वाकणारा, दाराला लावलेल्या अडण्यासारखा बाजूला उभा.

"आवं तात्या, हिकडं कुठं?"

"डोळं दाखवायला आल्तो. मोतीबिंदू म्हंत्यात. अर्जुना, यंदा बी सप्त्यात बारा ते दोन तूच न्हवं?"

"व्हय."

"मग सहाव्या दिशी बाराला मी येतो. पंगतीला." हे त्याने असं सांगितलं की जणू भाच्याच्या बारशाला यायचं आहे. मग सदऱ्याच्या खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. "तीन लिवली हुती. एक कमिटीला टाकलं, एक पोलीस ठाण्याला. हे तुझं. म्हटलं, जातोयच सांगलीला, तर हातातच देऊ. राजरत्न पोरं घिऊन येतो म्हणत हुता. त्याला म्हटलं, तू आलास तर मी जेवणारच न्हाई." मुलाचं नाव काढताना तो जरा हसला. निघताना पुन्हा वळून म्हणाला, "आवाज हाय न्हवं आजून? त्या दिशी लय चांगला लागला हुता."

आणि गेला. पाय ओढत, हमालांना वाट देत, हळदीच्या पिवळ्या धुरळ्यातून. अर्जुना कार्ड घेऊन उभा राहिला. "दि. २७ रोजी दुपारी बारा वाजता मी बोरजाई येथील सप्ताहाच्या पंगतीत जेवायला बसणार आहे. एकटा येईन. हातात काही नसेल. कळावे." खाली सही, लहान मुलासारखी गोल. धोंडिरामचं जातानाचं वाक्य टोमणा होतं की तारीफ? त्या दिशी लय चांगला लागला हुता. पुढचे आठ दिवस हे एक वाक्य तो तोंडात घोळवत राहिला, दातात अडकलेल्या सुपारीच्या कणासारखं. जीभ सारखी तिथेच जायची.

त्या दिवशी. बोरजाई म्हणजे पलूसच्या बाजूचं, कृष्णेपासून आत असलेलं गाव. चैत्रातला सप्ताह तिथला मोठा. सात दिवस, सात रात्री वीणा वाजत राहते. ती जमिनीला टेकली की सप्ताह मोडला. म्हणून दोन-दोन तासांचे पहारे वाटून दिलेले. वीणा गळ्यातून गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या, आणि मधे तार थांबत नाही. ज्याच्या गळ्यात ती आहे त्याने बसायचं नाही, नामाशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. समोरून जाणारा सरपंच असो की शाळकरी पोर, तो वीणेला वाकूनच पुढे जातो. रात्रीचे पहारे भजनी मंडळाचे, पहाटेचे मानकऱ्यांचे. अर्जुनाचा बाप धुळा धनगर मेंढरं घेऊन पूर्वेच्या दुष्काळी भागातून आला, गावात वस्ती करून राहिला, आणि तीन वर्षं देवळाच्या पायरीशी बसून त्याने एकच गोष्ट मागितली : मला बी एक पहारा द्या. शेवटी दिला. दुपारी बारा ते दोन. चैत्रातल्या उन्हात जो कुणाला नको असतो तो. "उन्हाचा पहारा धनगराचा," असं गावात म्हणायचे, हसून. धुळा त्यालाही हसला नाही. मरताना पोराला म्हणाला, "मेंढरं इकलीस तर इक. पहारा सोडू नगं. त्यो काडून घ्यायला ह्यांस्नी येक निमित्त पुरतंय." अर्जुनाने मेंढरं विकली, सांगलीला येऊन पोती शिवायला लागला, आणि दर चैत्रात सात दिवसांची सुट्टी काढून उन्हात जाऊन उभा राहिला. निमित्त दिलं नाही.

त्याला कीर्तनाचं वेडच होतं म्हणा. सांगलीत कुठल्याही गल्लीत मृदंगावर पहिली थाप पडली की त्याचे खांदे आपोआप सैल व्हायचे. आयुष्यभर ज्या माणसाला मुकादमाची, पोलिसाची, कुत्र्याची, शेजारणीच्या तोंडाची भीती वाटली त्याला ती दोन-अडीच तास वाटायची नाही. एकदा एक बुवा म्हणाले होते, देवाला भिणारा माणसाला भीत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्जुनानेही डोलावली आणि मनात म्हटलं, बुवा, मी दोघांना भितो, माझं काय? पण तोही प्रश्न तिथे गोड वाटायचा, कारण लगेच टाळ वाजले आणि शेजारच्याने त्याच्या कपाळाला बुक्का लावला. असा तो होता. सतरा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारपर्यंत.

त्या वर्षी पंगतीसाठी घरटी धान्य गोळा केलं तेव्हा बौद्धवस्तीतूनही नेलं. सगळ्या गावाचं मिसळून एकाच पोत्यात, एकाच कढईत. आणि जेवायच्या वेळी वस्तीचं जेवण टोपल्यांतून मागच्या भिंतीला, गाव उठल्यावर. वस्तीतलाच धोंडिराम तेव्हा लोणंदला रेल्वेत गँगमन होता, सुट्टीवर आलेला. त्याने कार्डं टाकली होती, आणि बाराला तो आला. आधी देवळाच्या पायरीपाशी चपला काढून नीट जोडून ठेवल्या. ही त्याची रीत. कुठंही बसायला जाताना चपला काढून लांब ठेवायच्या. पुढं कुणी म्हणू नये की उगारली. मग पंगतीच्या शेवटच्या पानावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "दाणं एका पोत्यात बसत्यात, तर माणसं एका रांगंत का बसू नयेत?" मोठ्याने नाही. शेजारच्याला मीठ मागावं तसं. हंबीरराव कमिटीचा प्रमुख. तो उठला, त्याच्यामागून चौघे उठले. आणि दहा पावलांवर, मंडपाच्या खांबाशी, गळ्यात वीणा घेऊन अर्जुना उभा होता.

पुढचं त्याला दिसलं तसं आठवत नाही. ऐकू आलं तसं आठवतं. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. धोंडिरामने हात वर केले नाहीत, डोक्यावरही घेतले नाहीत; ते मांडीवर तसेच पालथे पडलेले. आणि अर्जुनाने काय केलं? वीणा खाली ठेवता येत नव्हती. शब्द काढता येत नव्हता. नेम होता ना! नेमाच्या आड तो असा शिरला, जसं पाऊस आल्यावर मेंढरू आडोशाला शिरतं. आणि तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून त्याने आपला आवाज चढवला. रामकृष्ण हरी. आणखी वर. रामकृष्ण हरी. इतका वरचा सूर त्याला कधी लागला नव्हता, पुढेही लागला नाही. मंडपातल्या म्हाताऱ्या माना डोलावत होत्या. गुडघा मोडला तेव्हाचा आवाज कुणाला आला नाही. त्याला आला.

फौजदाराने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माजं डोळं मिटल्यालं हुतं साहेब. नामात हुतो." दुसरा साक्षीदार कुणी पुढे आलाच नाही. जोडून ठेवलेल्या चपला सप्ताह संपेपर्यंत पायरीपाशी तशाच होत्या. टायरच्या तळाच्या, अंगठा झिजलेल्या. कुणी हात लावला नाही, सगळे वळसा घालून जात होते. रोज बाराला वीणा गळ्यात आली की पहिल्यांदा त्याच दिसायच्या. तेव्हापासून कीर्तनात टाळ चढीला लागले की त्यांच्याखाली ओल्या पोत्यावरची काठी ऐकू येते. खांदे सैल होत नाहीत. एवढं एक ठिकाण होतं भीती नसलेलं, तेही गेलं.

"काय वाचताय येवढं? कुणी मेलं?" हरणाबाईने विचारलं. भाकरी थापता थापता ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने कार्ड दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, त्याने वाचून दाखवलं. भाकरी फुगली, उलटली, पुन्हा फुगली.

"आजारी पडा," ती म्हणाली.

"काय?"

"हितंच ऱ्हावा. कळवा, ताप आलाय म्हणून. तुमी नसला म्हंजी बघाय बी नगं आन् मिटाय बी नगं."

"पहारा काडून घेत्याल."

"मग जावा." तिने तवा उतरवला. "पर ह्या टायमाला डोळं मिटलं व्हतं म्हणून मला सांगू नगा. सतरा वरसं तुमच्या शेजारी निजतीया मी. झोपंत बी तुमचं डोळं नीट मिटत न्हाईत."

त्याला राग आला नाही. तापाची गोष्ट त्याने खरोखर मनात धरली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तो कपाळाला हात लावून बघायचा. गरम लागेना. रस्त्यात एखादी जीप मागून हॉर्न द्यायची आणि अंगभर काटा यायचा. आणि मग आठवण यायची ती लोणंदची. त्या घटनेनंतर वर्षाने तो एकदा गेला होता तिकडे, माफी मागायला म्हणून. रेल्वेच्या चाळीत धोंडिरामच्या बायकोने, येसूबाईने, दार उघडलं, त्याला ओळखलं, आणि चहा टाकला. आतल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. धोंडिराम खाटेवर पाय लांब करून बसलेला. माफीचा शब्द अर्जुनाच्या जिभेवर आला आणि तिथेच बसला. शेवटी तो म्हणाला, "तात्या, तुमास्नी भ्या कसं न्हाई वाटत?"

धोंडिराम एवढा हसला की येसूबाई बाहेर येऊन बघून गेली. "मला? आरं गड्या, मला लय भ्या वाटतं. दर खेपंला आधी तीनदा मुतून येतो मी, हिला इचार." मग त्याने स्टेशनासमोरच्या हॉटेलची गोष्ट सांगितली. तिथे त्यांच्यासाठी वेगळा कप बाहेर खुंटीला टांगलेला असायचा. हा ड्युटीच्या आधी रोज आतल्या बाकावर जाऊन बसायचा, चहा सांगायचा. मिळायचा नाही. पाव तास बसून उठायचा. दुसऱ्या दिवशी परत. कुणी ढकललं, कुणी अंगावर बशीतलं गरम पाणी टाकलं. अकरा महिने. एक दिवस मालकाची आई गल्ल्यावर बसली होती, ती पोराला म्हणाली, आरं, ह्यो रोज येतोय, गिऱ्हाईकच हाय की, दे जा. "तिला माझी दया बिया न्हाई आली," धोंडिराम म्हणाला, "तिला माझा कटाळा आला. कटाळ्यात लय ताकद असती. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर बी तसंच. आमाला पाणी वरनं वतायची. मी रांजणापशी जाऊन नुसता बसायचो, जेवायच्या सुट्टीत, रोज." मग गुडघ्यावर हात फिरवत, आवाज खाली आणून तो म्हणाला, "कार्डं का टाकतो ठावं हाय? त्यांच्यासाठी न्हाई. माझ्यासाठी. येकदा पेटीत कार्ड पडलं की मला पळून जाता येत न्हाई. नायतर मी कवाच पळालो असतो रं."

अर्जुना चहा पिऊन परत आला. माफी तशीच राहिली. त्या दुपारनंतर बौद्धवस्तीने सप्ताहाला धान्य दिलं नाही, कमिटीने मागितलं नाही, आणि जणू काही झालंच नाही अशी सतरा वर्षं गेली. यंदा सप्ताहाचं पन्नासावं वर्ष. पत्रिका छापल्या, मंडप दुप्पट केला, गावजेवण मोठं. आणि कमिटीची माणसं पोतं घेऊन पुन्हा वस्तीत गेली. वस्तीने दिलं. दाणे पुन्हा मिसळले. आता कार्ड येणारच होतं.

सहाव्या दिवशी सकाळी तो देवळामागे हातपाय धूत होता. पाच दिवस नीट गेले होते, पाच दिवस तो बाराला उभा राहिला, दोनला सुताराच्या जोतीरामच्या गळ्यात वीणा देऊन मोकळा झाला. पोलीस एक येऊन पत्र्याच्या खुर्चीत बसून, खीर खाऊन गेला होता. हंबीरराव आता अंथरुणाला खिळलेला. कमिटी त्याच्या मुलाकडे, राजवर्धनकडे. पांढरे कपडे, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मऊ. तो येऊन अर्जुनाच्या शेजारी उभा राहिला, स्वतः तांब्याने त्याच्या पायांवर पाणी घातलं. अर्जुना शरमून मागे सरला.

"ऱ्हाऊ द्या मामा, वीणेकऱ्याचं पाय हायती," राजवर्धन म्हणाला. "येक सांगायचं हुतं. आज जरा आवाज चढवा."

अर्जुनाला कळलं नाही. मग कळलं.

"मागं दादांच्या टायमाला चढवला हुता तसा. दादा अजून नाव काडत्यात तुमचं. म्हंत्यात, धनगरानं त्या दिशी गावाची इज्जत झाकली. पयली ओळ म्हाताऱ्या माणसांची हाय, त्यास्नी उगं तरास नगं." त्याने तांब्या खाली ठेवला, दोन्ही हातांनी अर्जुनाच्या पायांना स्पर्श केला, ते हात कपाळाला लावले आणि गेला.

पायांवरचं पाणी वाळेपर्यंत अर्जुना तिथेच होता. सतरा वर्षं त्याला वाटत होतं की तो लपला. आडोशाला शिरलेलं मेंढरू. कुणाला दिसलं नाही. आणि इथे तर तो त्यांच्यात धरलेला होता! काठ्या चार होत्या आणि पाचवी त्याच्या गळ्यातून निघाली होती. त्यांनी ती मोजली होती, लक्षात ठेवली होती, जपून ठेवली होती. त्याला ओकारी आली. पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी आलं. कृष्णेकडून गरम वारा येत होता. पळावं का? पलूसची एसटी साडेअकराला होती. फाट्यापर्यंत वीस मिनिटं. सांगेन, पोट बिघडलं. खरंच बिघडलंय. पण बाराला वीणा घ्यायला कुणी आलं नाही तर पहाऱ्यावरचा म्हातारा कोंडीबा अडकून पडेल, त्याच्याच्यानं उभं राहवत नाही. हा विचार त्याने केला तो कोंडीबाच्या दयेने की नेमाच्या भीतीने, की फाट्यापर्यंत चालायलाही भीती वाटत होती म्हणून, हे त्याला सांगता आलं नसतं. बाराच्या ठोक्याला तो मंडपात होता. कोंडीबाने त्याच्या पायांना हात लावला, त्याने कोंडीबाच्या. वीणा गळ्यात आली. मोकळा झालेला कोंडीबा कंबर धरत वाढप्यांच्यात गेला, कारण खिरीची बादली सतरा वर्षांपूर्वीही त्याच्याच हातात होती आणि ती दुसऱ्याला द्यायला तो तयार नसायचा.

रामकृष्ण हरी. पानं मांडली गेली. खपली गव्हाच्या खिरीचा, गुळाचा वास. रांग मंडपात मावली नाही, तिची शेपटी बाहेर उन्हात गेली. आणि त्या शेपटीच्या टोकाशी, पायरीपाशी, एक माणूस कमरेत वाकून चपला काढत होता. डाव्या पायातली काढायला वेळ लागत होता. दोन्ही काढून त्याने जोडून ठेवल्या. मग पाय बाजूला लांब करून, हाताने जमीन चाचपत तो शेवटच्या पानावर बसला. त्याच्या आधीचे दोघे पान घेऊन उठले. मग तिसरा उठला. रांगेत भोक पडलं. बोलणं थांबलं, नुसती वीणा राहिली आणि अर्जुनाचा आवाज.

राजवर्धन बाजूच्या कट्ट्यावरून उतरला. त्याच्याबरोबर पाचजण. हातात काही नव्हतं. फक्त एकाच्या हातात मंडपाचा उरलेला बांबू होता, सहज असावा तसा. राजवर्धनने चालता चालता अर्जुनाकडे बघितलं आणि हनुवटी किंचित वर उचलली. चढवा.

रामकृष्ण हरी. डोळे मिटायला लागले, खरंच आपोआप, जड झापडं खाली यावीत तसे, आणि झापडांमागे ती ओळखीची लाल जागा होती, तिथे काही दिसत नसे. तिथे जाता आलं असतं. आवाज घशाशी येऊन चढायला उभा होता. वीणा खाली ठेवता येत नाही. शब्द काढता येत नाही. बसता येत नाही. हे नेम तो बापाकडून शिकला होता, अंगात भिनलेले होते, आणि आता ते एकेक करून त्याच्यासमोर उभे राहिले, देवळातल्या पायऱ्यांसारखे. ठेवायची नाही. बोलायचं नाही. बसायचं नाही. आणि मग त्याच्या लक्षात आलं की चालायचं नाही असं कुणीच सांगितलेलं नव्हतं. दिंडीत वीणेकरी चालतो. बाप चालायचा. वीणा काय खांबाला बांधलेली नसते.

पाय उचलला तेव्हा तो कुणा दुसऱ्याचा असावा तसा वाटला. एक पाऊल. रामकृष्ण हरी. त्याच्या धोतराला थोडी ओल झाली होती, ते त्याला कळलं. तात्या तीनदा जाऊन येतात, आपण एकदाही गेलो नाही. रांगेत बसलेली माणसं वीणा जवळ आली तशी सवयीने वाकू लागली, उष्टे हात मागे घेऊन, कपाळं पुढे करून. म्हाताऱ्या दगडाबाईने बसल्या बसल्या त्याच्या पायाला हात लावला, "माउली" म्हणाली. दहा पावलं होती. त्याने ती मोजली. मंडपाचं कापड संपलं आणि ऊन डोक्यावर आदळलं. फरशी अशी तापलेली की पाय उचलून घ्यावासा वाटे. तो धोंडिरामच्या पानापाशी येऊन उभा राहिला, तोंड राजवर्धनकडे करून. आवाज खालच्या पट्टीत, फाटका, कापरा. डोळे उघडे.

"मामा, वीणा मंडपात न्या," राजवर्धन म्हणाला. मऊच.

रामकृष्ण हरी.

"मामा, तुमाला सांगतोय."

रामकृष्ण हरी. दुसरा शब्द काढता येत नाही. अर्जुनाच्या हनुवटीवरून घाम वीणेवर पडत होता. राजवर्धनच्या हाताला धोंडिरामपर्यंत पोचायचं तर वीणेच्या अंगावरून पोचावं लागत होतं, आणि सगळं गाव बघत होतं की वीणेसमोर आलेला माणूस अजून वाकलेला नाही. बांबूवाला पोरगा मात्र वाकला. न कळत, सवयीने. राजवर्धनने त्याच्याकडे बघितलं आणि पोराचे कान लाल झाले.

तेवढ्यात कोंडीबा खिरीची बादली घेऊन रांगेच्या त्या भोकापाशी आला. त्याने राजवर्धनकडे बघितलं, वीणेकडे बघितलं, पानाकडे बघितलं. "सतरा वरसांखाली बी हितंच थांबलो हुतो," तो कुणाला तरी म्हणाला, "हातात बादली ऱ्हायली आन् खीर गार झाली." आणि वीणेला वाकला. वाकल्यावर पान समोरच होतं. त्याने पळी रिकामी केली.

राजवर्धन एक पाऊल मागे सरला. हसला. "ठीक हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "दोनला पहारा संपतोय. बघू कोण वीणा घ्यायला येतंय उन्हात. खाली टेकली तर पन्नास वरसांचा सप्ताह धनगरानं मोडला म्हणायचा." आणि जाऊन परत कट्ट्यावर बसला.

धोंडिराम जेवला. हळूहळू, एकेक घास, चष्म्यावरचा घाम पुसत. बोटं चाटली. तांब्यातलं पाणी प्यायला. मग अर्जुनाकडे न बघता म्हणाला, "गूळ जरा कमी हाय." थोड्या वेळाने म्हणाला, "आज आवाज बरा न्हाई लागला तुझा." अर्जुनाला एकदम हसू आलं आणि रडूही आलं, पण दोन्हींना नेमात जागा नव्हती, नामाचा सूर तेवढा मधेच वेडावाकडा झाला.

दोन वाजले. जोतीराम मंडपाच्या कडेपर्यंत आला, कट्ट्याकडे बघितलं, आणि पोटावर हात ठेवून परत फिरला. अडीच झाले. रांगा उठल्या, पत्रावळी गोळा झाल्या, कुत्री आली. कट्ट्यावरची माणसं मात्र उठली नाहीत, म्हणून अर्जुनाही पानापाशीच उभा राहिला. पायाचे तळवे आता भाजत नव्हते, ते नव्हतेच. वीणेचा पट्टा मानेत रुतत होता. दुखत होतं ते खांद्यापासून बोटांपर्यंत, आणि बोटं हळूहळू त्याची राहिली नव्हती. पडली तर? हातातून सुटली तर? बापाची पायरीवरची तीन वर्षं, सात दिवस, पन्नास वर्षं, हे सगळं या दोन बोटांत. रामकृष्ण हरी. त्याने धोंडिरामकडे बघितलं. डोळ्यांनी म्हणाला, तुमी घ्या. तुमीच घ्या आता.

धोंडिराम समजला. जमिनीला हात टेकवत, कण्हत तो उठला. अनवाणीच, चपलांकडे न जाता, अर्जुनाच्या मागे येऊन उभा राहिला. "मला नगं ती," तो त्याच्या कानाशी म्हणाला. "माझा मार्ग येगळा हाय, गड्या, छप्पन साली ठरलाय. ती तुझी हाय. तू वीणा धर. मी तुला धरतो." आणि दोन्ही हात त्याच्या कोपराखाली दिले. हलके हात. बसावं की उडावं हे न ठरलेले. पण भार घेतला त्यांनी. अर्जुनाच्या पाठीला त्या म्हाताऱ्याची छाती टेकली आणि त्याला कळलं की तीही थरथरतेय. आतलं काळीज हातोड्यासारखं पडत होतं. दोघांचं मिळून एकच थरथरणं झालं आणि ते वीणेच्या तारेत उतरलं.

भीती गेली नाही. तीन वाजले, सावली देवळाच्या भिंतीपासून हातभर पुढे आली, आणि भीती तशीच होती, पोटात, बसल्या जागेवर. मग मागून, मंडपाच्या बाजूने, पावलं वाजली. एकाची नव्हती. दोघांची असतील, तिघांची. जड होती की हलकी? वीणा घ्यायला येत होती की दुसऱ्या कशाला? वळून बघता येत नव्हतं. धोंडिरामचे हात कोपराखाली घट्ट झाले. पापण्या खाली यायला लागल्या, ती लाल जागा ओळखीने जवळ आली.

रामकृष्ण हरी, तो म्हणाला, आणि डोळे उघडे ठेवले.